रविवारच्या बैठकीसाठी सूचना : संगिनी आणू नका, फोटो आणा

सभासद मित्रांनो, रविवारी सकाळी १० वाजता धरमपेठेत नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : १९०७ पॅटर्नची (नमुन्याची) संगीन, म्हणजे ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीच्या टोकाला लावायचं पातं.

१७ इंची पातं डिकीत घालून शहरातून आणू नका. जुनी असली तरी कायद्याच्या लेखी संगीन हे शस्त्रच आहे.

मुठीजवळच्या शिक्क्यांचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा. '१९०७' हे पॅटर्नचं वर्ष, घडणीचं नव्हे. घडणीचा महिना आणि साल त्याखाली असतं. इशापूरचा (बंगालमधल्या रायफल कारखान्याचा) शिक्का कुणाकडे निघाला तर फार आनंद होईल!

आणि कळकळीची विनंती, पॉलिश पेपर लावू नका, शिक्के कायमचे जातात. पावसाळ्यात पातं कातडी म्यानाबाहेर ठेवा, वर तेलाचा पातळ हात पुरे.

फोटो शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका.