अंड्याच्या सॅलडमधलं ड्रेसिंग मोजायला हवं

प्रति,
मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय : अंड्याचं क्रीमी सॅलड आणि त्यातले खरे पोषणघटक

महोदय,

उकडलेल्या अंड्यांचं क्रीमी सॅलड हे आता मुंबईतल्या लोअर परळ, अंधेरी, बीकेसीतल्या ऑफिसांमधलं नेहमीचं दुपारचं जेवण झालं आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुला-मुलींच्या आहाराच्या नोंदींत हे सॅलड हमखास असतं आणि त्यापुढे 'हलकं जेवण' असं लिहिलेलं असतं. वजन कमी होत नाही तेव्हा मात्र संशय अंड्यावर जातो. घरातलं कुणीतरी सांगतं, पिवळं काढून टाक. मुलं ते इमानेइतबारे काढून टाकतात आणि उरलेल्या पांढऱ्यावर मेयोनेजचं ड्रेसिंग पहिल्याइतकंच पडत राहतं. हे मला फार खटकतं, म्हणून हे पत्र.

आधी अंड्याबद्दल. ५० ग्रॅमच्या एका मोठ्या उकडलेल्या अंड्यातून साधारण ७८ कॅलरी, सहा ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं आणि पाच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश मिळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे दोन अंड्यांत तिची पाव गरज भागून वर थोडं उरतं. एवढ्या कमी पैशांत आणि एवढ्या कमी खटपटीत इतकी चांगली प्रथिनं देणारे पदार्थ फार नाहीत.

ज्या पिवळ्याला आपण घाबरतो त्यात साधारण ५५ कॅलरी असतात. पण अंड्यातलं ड जीवनसत्त्व आणि कोलीन हे पोषकद्रव्य जवळजवळ सगळं त्या पिवळ्यातच असतं, बी-१२ चा मोठा वाटाही तिथेच असतो आणि प्रथिनांचाही बऱ्यापैकी हिस्सा असतो. कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर एका अंड्यात ते १८६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, हे खरं. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पूर्वी असायची, ती २०१५च्या आवृत्तीपासून काढण्यात आली. बहुतेक लोकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशामुळे (सॅच्युरेटेड फॅटमुळे) जास्त वाढतं. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी अंडी किती खायची हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण तिशीच्या धडधाकट माणसानं दोन अंड्यांचं पिवळं कचऱ्यात टाकण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आता ड्रेसिंगकडे येते. अंड्याचं पारंपरिक मेयोनेज म्हणजे मुख्यतः तेलच. त्यात साधारण तीन चतुर्थांश तेल असतं. पोह्याच्या चमच्यानं नव्हे, भाजी वाढायच्या मोठ्या चमच्यानंही नव्हे, तर मापाच्या एका टेबलस्पूनमध्ये (१५ मिली) साधारण ९० ते १०० कॅलरी आणि १० ग्रॅम स्निग्धांश जातो. सॅलड 'क्रीमी' लागायचं तर असे तीन चमचे सहज पडतात. दोन अंडी, वाटीभर काकडी-टोमॅटो-लेट्यूस आणि तीन चमचे मेयोनेज यांची बेरीज साधारण ४५० कॅलरींवर जाते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या ड्रेसिंगचा आणि भाज्यांचा वाटा जेमतेम २० ते २५ कॅलरींचा. बैठं काम करणाऱ्या स्त्रीनं दिवसभरात वरून घेतलेलं तेल-तूप सुमारे २० ग्रॅमपर्यंत ठेवावं, असं आपल्याकडची शिफारस सांगते. इथे एका वाडग्यातच ३० ग्रॅम होतात, आणि रात्रीच्या भाजीची फोडणी अजून व्हायचीच असते.

मिठाचीही तीच गत. मेयोनेजमध्ये मीठ असतंच, वर चिमूट-चिमूट करत पाव लहान चमचा मीठ पडलं की अंड्यातलं धरून हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे.

'एगलेस' म्हणजे बिनअंड्याचं मेयोनेज हलकं असतं, हा समज मुंबईत फार पसरला आहे. बरणीमागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. तेल, पाणी, साखर, स्टार्च यांपैकी काय कितव्या जागी आहे ते एकदा वाचावं. तेल थोडं कमी असेलही, पण ती जागा बहुधा साखर आणि स्टार्च घेतात. प्रथिनं त्यातून जवळपास मिळतच नाहीत. आणि कच्च्या अंड्याचं मेयोनेज उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर साल्मोनेला या जंतूंमुळे विषबाधेचा धोका असतो. तेलंगणनं २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली ती याच कारणानं. मे महिन्यात डिलिव्हरीच्या पिशवीतून आलेलं अंड्याचं सॅलड ऑफिसच्या टेबलावर ठेवून मीटिंगला जाऊ नये, लगेच खावं किंवा फ्रिजमध्ये ठेवावं.

तेल अजिबात नको, असं माझं म्हणणं नाही. गाजर-टोमॅटोतली रंगद्रव्यं शरीरात नीट शोषली जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतोच, आणि तो अंड्याच्या पिवळ्यातूनही मिळतो. माझा आग्रह दह्याचा आहे. तीन चमचे घट्ट दही, लहान चमचाभर तेल, मोहरीची पूड, मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू एवढ्यात अंड्याला छान लगडणारं ड्रेसिंग होतं आणि कॅलरी ८०च्या आसपास राहतात. आपल्या घरी काकडीच्या कोशिंबिरीला दही घालायची सवय आहेच. अंड्यात तंतू म्हणजे फायबर नसतं आणि क जीवनसत्त्वही नसतं. लेट्यूसनं ती उणीव भरत नाही. मूठभर उकडलेले छोले किंवा वाफवलेले मोडाचे मूग, कोबी, गाजर, सिमला मिरची घातली तर पोटही भरतं. चारच्या सुमारास कँटीनमधल्या वड्याकडे पाय वळतात, ते दुपारी पोट न भरल्यामुळेच.

माहितीबद्दल दोन विनंत्या आहेत. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात. एकच स्वयंपाकघर चालवून ऑफिसांना सॅलडचे वाडगे पुरवणारे छोटे व्यावसायिक मात्र सहसा या नियमात येत नाहीत. त्यांच्यावर नियमाचा बडगा उगारावा असं मी म्हणत नाही. ड्रेसिंग वेगळ्या डबीत द्यावं आणि डबीवर ते किती ग्रॅम आहे ते लिहावं, एवढं ते आजही करू शकतात. ग्राहकांनी ऑर्डर देताना तसं मागावं.

दुसरी विनंती आपल्याला. आपल्या पुरवणीत सॅलडची पाककृती छापताना 'मेयोनेज आवडीनुसार' असं न छापता ते किती चमचे घालायचं ते छापावं, आणि शेजारी दह्याचा पर्यायही द्यावा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक,
दादर, मुंबई