टेंपोला गेटबाहेर एक तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाकाळात सुरू झालेल्या उद्योगांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख काल वाचला. रात्रभर तो डोक्यात होता, म्हणून सकाळी दूध घालून आल्या आल्या लिहायला बसले. आपल्या आजूबाजूची अडचण ओळखा, त्यातच तुमचा धंदा आहे, असं लेखकाचं म्हणणं आहे. अडचण आम्हीही ओळखली होती. पुढे काय झालं तेही वाचकांना कळू द्या.

आमची दीड एकर द्राक्षबाग, थॉमसन जातीची. 2020 च्या मार्चमध्ये व्यापाऱ्यानं 38 रुपये किलोनं बाग धरली होती, विसार दिला होता. 25 मार्चला देश बंद झाला आणि त्याचा फोन लागेना. लागला तेव्हा म्हणाला, ‘ताई, गाडी निघत नाही, माल नेऊ कुठं?’ मार्चअखेर जिल्ह्यातला पहिला रुग्ण आमच्याच निफाड तालुक्यात निघाला. पेठ-सुरगाण्याचे मजूर भीतीनं घराकडे निघून गेले. द्राक्षाला थांब म्हणता येत नाही. गोडी भरली की मणी मऊ पडतो, गळायला लागतो. त्यात बाग खाली झाल्याशिवाय एप्रिलची खरड छाटणी करता येत नाही, आणि ती लांबली की काडीत घड नीट तयार होत नाहीत. म्हणजे एका हंगामाबरोबर पुढचाही हंगाम हातातून जायचा. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बेदाणा केला. चार किलो द्राक्षं घातली तर किलोभर बेदाणा निघतो, वर द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून लागणारं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट, वाळवायला जाळी, शेडनेट, हा सगळा खर्च. आमच्याकडे तेवढा पैसा नव्हता.

बचत गटातल्या आम्ही पाच जणी पहाटे चारला बागेत उतरायला लागलो. तोंडाला ओढणी, हातात कात्री. प्रत्येक घड उलटून पाहायचा, फुटका मणी कात्रीनं काढायचा, कागद घातलेल्या खोक्यात दोन किलो भरायचे, वर फ्लॅटचा नंबर लिहायचा. गाडीचा पास मिळाला. नाशिकमधल्या एका सोसायटीत जावेची बहीण राहते, तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी केली. गेटसमोर चुन्यानं चौकोन आखले होते, एकेक जण येऊन खोकं उचलायचा, पैसे ताटलीत ठेवायचा. 50 रुपये किलो. रोख, त्याच दिवशी. लग्न होऊन आल्यापासून द्राक्षाचे पैसे माझ्या हातात असे पहिल्यांदा आले.

लेखात ज्याला ग्राहकाची गरज ओळखणं म्हटलंय ते तिथं आपोआप शिकलो. पहिल्या शनिवारी एका आजींचा फोन आला, मण्यावर पांढरट थर आहे, तो औषधाचा का? तो द्राक्षाचा अंगचा थर असतो, हात लागला की पुसला जातो, तो शाबूत दिसला तर माल कमी हाताळलाय असं समजायचं, हे त्यांना सांगितलं. दुसऱ्या शनिवारी तेच मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून गाडीला चिकटवलं. घरात दोघंच असलेल्यांना दोन किलो संपत नाहीत हे कळलं, मग अर्ध्या किलोचे पुडे केले आणि तेच आधी संपायला लागले. चार शनिवारांत 1900 किलो माल विकला. बाकीची बाग बेदाणेवाल्याला 8 रुपयांनी द्यावी लागली. पण त्या 1900 किलोंच्या पैशांतून छाटणी वेळेवर झाली.

जाताना लोक म्हणायचे, ताई, पुढच्या वर्षी नक्की या, आता तुमच्याकडूनच घेणार. मी ते खरं मानलं. 2021 च्या फेब्रुवारीत खोकी छापून घेतली, वजनकाटा घेतला आणि फोन केला. सोसायटीची कमिटी बदलली होती. बाहेरच्या विक्रेत्याची गाडी गेटसमोर उभी करायची नाही, असा ठराव झालेला. घरपोच सामान देणाऱ्या कंपन्यांची पोरं मात्र दिवसभर आत-बाहेर करतात, त्यांना कुणी अडवत नाही. मी गेटवर उभी राहून हे पाहिलंय. वॉचमनदादा ओळखीचेच, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. खोकी अजून माळ्यावर आहेत.

लेखात ज्या तरुणांचं कौतुक आहे त्यांनी कष्ट केले असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ज्यांच्याकडे गोदाम आहे, मोबाइलवरचं दुकान आहे, वर्षभर तोटा सोसायला पैसा आहे त्यांचे धंदे टिकले, एवढं तरी लेखकानं लिहायला हवं होतं. आम्ही चिकाटी सोडली म्हणून आमचं बंद पडलं नाही. आम्हाला उभं राहायला जागा राहिली नाही. 2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. त्यामुळे थेट विक्रीला बाजार समितीचा कायदा आडवा येत नाही. येतं ते गेट.

म्हणून शहरातल्या तुमच्या वाचकांना माझी विनंती आहे. फेब्रुवारीत आमची बाग तयार होते. आठवड्यातून एक दिवस, सकाळचा एक तास, गेटबाहेर भिंतीला लागून शेतकऱ्याचा टेंपो उभा राहू द्या. कचरा झाला तर झाडून जाऊ. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय कुणीतरी मांडा. आणि 2020 मध्ये ज्यांनी आमच्याकडून द्राक्षं घेतली त्यांनी तरी ठरावाच्या वेळी हात वर करा.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक

ता. क. : लॉकडाऊनमध्ये आमच्या गावची सकाळची बस बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही. तुमचा अंकही तिनेच यायचा, आता तो दुपारी कुणाच्या तरी मोटारसायकलवर येतो. कॉलेजच्या मुली तीन किलोमीटर चालत फाट्यावर जातात. यावर तुमच्या तालुका वार्ताहराला एकदा पाठवा.