रंकाळ्याच्या कट्ट्यावरच्या सहा जणांना खोली हवी आहे

प्रति,
मा. संपादक,

विषय : स्किझोफ्रेनियातून सावरलेल्यांच्या स्वमदत गटाला सरकारी रुग्णालयात जागा व मानधन मिळण्याबाबत

महोदय,

24 मे रोजी जागतिक स्किझोफ्रेनिया दिन झाला. त्यानिमित्त वृत्तपत्रांत मानसोपचारतज्ज्ञांचे लेख आले आणि ते चांगलेच होते. आजार मेंदूचा आहे, करणी-भानामतीचा नाही, औषधे वेळेवर घ्यावीत, घरच्यांनी टोचून बोलू नये, हे सगळे त्यांत होते. नव्हता तो फक्त आजारी माणूस. गेली वीस वर्षे हा आजार अंगावर वागवणारा आणि त्यांपैकी चौदा वर्षे मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी म्हणून काम करणारा माणूस या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना मला आवाज ऐकू येऊ लागले. पलीकडच्या खोलीत तीन माणसे माझ्याविषयीच बोलत आहेत असे वाटे, आणि जाऊन पाहावे तर खोलीत कोणी नसे. आईने आधी जोतिबाला नवस बोलला, मग एका देवऋष्याकडे नेले, आणि दीड वर्षाने डॉक्टरांकडे. औषधांनी आवाज दबले. पण हात थरथरू लागले, झोपेत लाळ गळू लागली, वजन भराभर वाढले. डॉक्टर भले होते, मात्र बाहेर चाळीस-पन्नास जण ताटकळत असताना माझ्या वाट्याला चार-पाच मिनिटेच येत, आणि तेवढ्यात गोळी कमी-जास्त करण्यापलीकडे कोणाच्याही हाती काही नसते. दोनदा मी गोळ्या परस्पर बंद केल्या आणि दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

तिसऱ्या खेपेला बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर शेजारी एक साठीचे गृहस्थ बसले होते. मी पुटपुटत होतो. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "बाळा, त्येंच्यासंगं बोलायचंच असंल तर मोबाइल लाव की कानाला. लोकास्नी वाटतंय फोनवर बोलतोय. मी धा वरसं तेच करतोय." ते कोणाशी बोलण्याविषयी सांगत होते, हे कळायला मला क्षणभर लागले. चार वर्षांत आवाजांविषयी माझ्याशी कोणी इतक्या सहजपणे बोलले नव्हते. घरचे रडत, शेजारी टाळत, डॉक्टर लिहून घेत. त्या दिवशी मी मोबाइल कानाला लावून बसस्थानकापर्यंत चालत गेलो आणि कोणीही वळून पाहिले नाही.

पुढे त्यांच्याच आग्रहाने आमचा गट जमला. आज आम्ही सहा जण आहोत : एक निवृत्त शिक्षिका, एक रिक्षाचालक, शिकत असलेली एक मुलगी, एक शिवणकाम करणाऱ्या ताई, ते गृहस्थ आणि मी. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो : झोप लागते का? आजार उलटण्याआधी बहुतेकांची झोप जाते आणि ती गेल्याचे ज्याचे त्याला उशिरा कळते. गेल्या वर्षी आमच्या रिक्षावाल्याने, आपण तीन रात्री जागेच आहोत आणि एक पांढरी मोटार सारखी मागे असते, असे हसत हसत सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यापैकी दोघे त्याला घेऊन डॉक्टरांसमोर हजर होते. दाखल करण्याची वेळ आली नाही. शिकणाऱ्या मुलीला क्लोझापिन हे औषध सुरू झाले तेव्हा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना हे पाहण्यासाठी, पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे होते. सातव्या आठवड्यात ती कंटाळली, तेव्हापासून शिवणकामवाल्या ताई तिच्याबरोबर प्रयोगशाळेत जाऊ लागल्या. कोणीही कोणाला गोळी कमी कर किंवा बंद कर असे सांगायचे नाही, हा गटाचा एकमेव नियम आहे. आम्ही डॉक्टरांच्या जागी बसू पाहतो असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो.

अपंगत्वाच्या दाखल्याचे प्रकरण तर आम्हीच एकमेकांना शिकवले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के भरावे लागते. आमच्यातले एक जण तपासणीच्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि त्याआधीचे चार महिने आपण अंघोळीलाही उठत नव्हतो हे सांगायचेच विसरले. टक्के अर्थातच कमी भरले. आता जाणाऱ्याने घरचे माणूस सोबत न्यावे आणि खरी दैनंदिनी कागदावर लिहून न्यावी, असे आम्ही सांगतो.

हे सारे हौशी उद्योग वाटतील, पण तसे नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांवर झालेला अभ्यास 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णालयातल्या नेहमीच्या उपचारांना गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांची जोड दिली, तर वर्षभरात रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन अधिक कमी होते, असे त्यात दिसले. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आणि सातारा इथून फार लांब नाही. ते कार्यकर्ते स्वतः रुग्ण होते असे नाही. मात्र ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आजारातून सावरलेल्यांना याच कामासाठी पगारी नेमतात, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने स्वमदत गट चालवून दाखवले आहेत. कोल्हापूरला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये इथेच 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. अपंगांचे काम अपंगांनी चालवलेले या शहराने पाहिले आहे. मनाच्या आजाराचे नाव निघाले की मात्र आपण फक्त सांभाळण्याची गोष्ट करतो.

'बरा झालास का?' असे मला विचारतात, तेव्हा उत्तर देणे अवघड जाते. तिघांपैकी किमान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी त्यांतला नाही. माझे आवाज गेलेले नाहीत. सौद्याच्या गलक्यात ते बुडून जातात आणि हिशेबाची वही बंद केली की परत येतात. पण पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, बरोबर जुळते, महिन्याचा पगार आईच्या हातात पडतो. आमच्या गटात याला बरे होणे म्हणत नाहीत, सावरणे म्हणतात.

मागणी साधी आहे. सरकारी रुग्णालयात शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग रिकामा असतो, तेव्हा पंखा असलेली एक खोली दोन तास मिळावी. आजारातून सावरलेल्या दोघांना रीतसर प्रशिक्षण देऊन, नव्या रुग्णांसोबत बसण्यासाठी मानधनावर नेमावे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या सेवांची जबाबदारी शासनावर टाकली आहे, तेव्हा हे काही दान मागणे नव्हे. मानधनाचा विषय आम्ही एका कार्यालयात काढला तेव्हा "तुम्हालाही तेवढाच विरंगुळा" असे उत्तर मिळाले. तिथल्या शिपायालाही विरंगुळा म्हणून फुकट बसवत नसावेत.

एका तरुण मंडळाने आम्हाला वर्षभर वरची खोली दिली होती. गल्लीत 'वेड्यांची सभा' असे नाव पडल्यावर किल्ली परत मागितली गेली. तेव्हापासून कट्टा. आता पंधरा दिवसांत मृग लागेल, आणि एकदा पाऊस धरला की सप्टेंबरपर्यंत कट्ट्यावर बसता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या चारच बैठका झाल्या, त्यांपैकी दोन चहाच्या गाड्याच्या ताडपत्रीखाली. त्याच तीन महिन्यांत निवृत्त शिक्षिकांना दाखल करावे लागले. त्यांची झोप गेल्याचे विचारायला कोणी भेटलेच नव्हते.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये, ही विनंती. अडत्या मालकांना सारे ठाऊक आहे, पण गूळ घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना नाही, आणि हिशेब मी लिहितो.

आपला,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर