गोळी उचलण्याआधी जागा लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची नांगरट सुरू झाली की जुन्या लढायांच्या शिवारांत हौशी मंडळींची पावले वळू लागतात. अलीकडे अनेकांच्या हातात धातुशोधक यंत्रही असते. नांगराच्या फाळाला लागून एखादी शिशाची गोळी वर येते, कधी लोखंडी गोळा येतो. तो कपाटात जातो, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर. दोन्ही ठिकाणी तो सारखाच वाया जातो, कारण तो कुठे पडलेला होता हे कुणी लिहून ठेवलेले नसते. त्यासाठीच हे पत्र.

मराठवाड्याच्या मातीवर पालखेड (१७२८), उदगीर (१७६०), राक्षसभुवन (१७६३) आणि असई (१८०३) या लढाया झाल्या. खर्डा (१७९५) आज अहिल्यानगर जिल्ह्यात मोडत असला तरी भूमच्या शेजारचाच आहे. या सगळ्या लढाया एका साच्यातल्या नाहीत. पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडून पाण्यावाचून जेरीस आणले. तिथे समोरासमोरची मोठी झुंज झालीच नाही. त्यामुळे तिथे गोळ्यांचा सडा शोधणे व्यर्थ. उदगीरची लढाई एका मैदानात उभी राहून झाली नाही. निजामाचा फौजफाटा औसा-धारूरच्या दिशेने सरकत होता आणि मराठे त्याला वाटेवर झोडपत होते. म्हणून तिथे मैदानापेक्षा वाट शोधावी लागते. राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरी पुराने भरलेली होती. निजाम पलीकडे उतरून गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर अडकला आणि तिथेच मारला गेला. तिथला पुरावा नदीच्या पात्रालगत आहे. वाळूचा उपसा त्यावरच घाव घालतो.

असई मात्र नीट वाचता येईल अशी रणभूमी आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती वेलस्ली चालून आला. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून मध्ये उतार असणारच, हे त्याने ओळखले आणि तिथूनच तो पार झाला. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. आधी केळणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या या पलटणींनी तोंड फिरवून दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी धरली. वेलस्लीच्या फौजेतली, ब्रिटिश राजाच्या सैन्याची ७४ वी पलटण असई गावाच्या फार जवळ गेली आणि तोफांच्या छर्ऱ्यांनी जवळपास कापली गेली. कंपनीच्या बाजूचीच दीड हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी ठार-जखमी झाली.

आता ही फळी नेमकी कुठून कुठे होती? ते गोळ्याच सांगू शकतात. बार भरताना घाईत हातातून पडलेली गोळी वाटोळीच राहते. साच्याची शिवण आणि शिसे ओतल्याच्या जागेचा छोटा देठ तिच्यावर दिसतो. उडालेली गोळी चपटी होते, तिच्या कडा दुमडतात, कधी तिच्यावर बार ठासायच्या गजाची खूणही दिसते. वाटोळ्या गोळ्या एका पट्ट्यात सापडल्या तर तिथे बंदुकी भरणारे उभे होते. चपट्या गोळ्या जिथे दाट, तिथे मारा झेलणारे होते. पन्नास गोळ्या जागेसह नोंदल्या तर कागदावर फळी उभी राहते. त्याच पन्नास गोळ्या एका बरणीत टाकल्या की उरते फक्त दीड किलो शिसे.

गोळीचे वजन सोनाराच्या काट्यावर करावे, दशांश ग्रॅमपर्यंत. कंपनीच्या पायदळाची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची आणि ३२ ग्रॅमच्या आसपास असे. फ्रेंच धाटणीच्या बंदुकीची गोळी साडेसोळा मिलिमीटरच्या जवळ, म्हणजे २६-२७ ग्रॅमची. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडवायच्या, बंदुकीची गोळी याहून लहान असू शकते आणि तिच्या मापात एकसारखेपणा नसतो. चपट्या गोळीचा व्यास मोजता येत नाही, पण वजन फारसे घटत नाही. म्हणून काटा कॅलिपरहून महत्त्वाचा. तरीही एका गोळीवरून "ही शिंद्यांची, ही कंपनीची" असे ठरवू नये. शिंद्यांच्या पलटणी युरोपीय धाटणीच्याच बंदुका वापरत होत्या.

नोंद करायला मोठे शास्त्र लागत नाही. वस्तू हलवण्याआधी शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून फोटो घ्यावा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असल्याने फोटोवरून माप निघते. मोबाइल उघड्या आकाशाखाली मिनिटभर स्थिर धरून अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहावेत. मोबाइलची चूक पाच-सहा मीटरची असते आणि एवढी चालते. त्याच चिठ्ठीवर तारीख, गाव, गट क्रमांक, वस्तू ढेकळांत वर होती की मातीत दबलेली, आणि आसपास आणखी काय होते हे लिहावे. चिठ्ठीला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला एकच क्रमांक द्यावा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. पेनची शाई ओलीत उतरू शकते. शेतकऱ्याची परवानगी तोंडी नको, दोन ओळी लिहून सही घ्यावी.

खोलीवरून मात्र आपल्याकडे काही अनुमान काढू नये. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वरची वस्तू भेगेतून हातभर खाली जाते, खालची वर येते. नांगर वस्तूला काही मीटर ओढतो, फर्लांगभर नेत नाही. म्हणून आपल्या जमिनीत खोलीपेक्षा जागा जास्त खरे बोलते. शेत सपाट करायला जेसीबी लावला, किंवा तलावाचा गाळ आणून पसरला, की मात्र ही साक्षही संपते. बाहेरून आलेल्या गाळात सापडलेली गोळी कुठल्या गावची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

धातुशोधक यंत्राबद्दल दोन गोष्टी सांगणे गरजेचे आहे. आपली जमीन बेसॉल्टची आहे. तिच्यातल्या चुंबकी लोहामुळे साधे यंत्र जागोजागी फुकट वाजते. कंटाळून मंडळी 'लोखंड वगळा' ही सोय चालू करतात. मग शिसे-पितळ तेवढे वाजते आणि तोफेतून उडवलेल्या डब्यातले लोखंडी छर्रे जमिनीतच राहतात. असईत तर छर्ऱ्यांनीच सर्वांत मोठा संहार केला. तेच वगळून काढलेला नकाशा खोटाच निघणार. दुसरी गोष्ट, यंत्र वाजले म्हणून खड्डा खणू नये. संरक्षित स्मारकात आणि त्याच्या क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे. इतरत्रही खड्ड्याने फक्त वस्तू मिळते, तिच्याभोवतीचा पुरावा जातो. नांगरटीनंतर किंवा मृगाच्या पहिल्या पावसाने ढेकळे धुतल्यावर, पेरणीच्या आधी, पाच-पाच मीटरच्या ओळी धरून डोळ्यांनी पाहत चालणे हीच उत्तम रीत. धुतलेल्या काळ्या मातीवर शिशाचा राखाडी-पांढरा ठिपका लांबूनही ओळखता येतो.

वस्तू घरी आली की खरा धोका सुरू होतो. जमिनीतून काढलेला लोखंडी गोळा पहिले काही दिवस धडधाकट दिसतो. मग त्याच्यावर नारिंगी घामाचे थेंब फुटतात, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशा खपल्या निघतात आणि वर्षा-दोन वर्षांत गोळा दुभंगतो. मातीतले क्षार लोखंडात भिनलेले असतात; हवा आणि दमटपणा मिळाला की ते आतून पोखरतात. वरून तेल, व्हार्निश किंवा रंग फासला तर क्षार आतच कोंडले जातात. तारेचा ब्रश, ग्राइंडर, ॲसिड यांपैकी काहीही लावू नये. हवाबंद प्लॅस्टिक डब्यात पाव किलो सिलिका जेलसह गोळा ठेवावा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून ते पुन्हा वापरावे. क्षार काढण्याचे काम जाणकार संवर्धकाकडूनच करून घ्यावे.

शिशाचे उलटे आहे. त्यावरची राखाडी-पांढरी साय हेच त्याचे कवच, ती घासू नये. पण लाकडी कपाट, प्लायवूड किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले, तर त्यांतून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिशाचा पांढरा भुगा होतो. हा भुगा विषारी आहे. साधा प्लॅस्टिकचा जेवणाचा डबा चालतो, मात्र तो पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. गोळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, लहान मुलांच्या हाती त्या देऊ नयेत. पितळी-तांब्याच्या वस्तूंवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती वस्तू वेगळ्या डब्यात काढावी. चिंच-लिंबाने घासणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट सवय आहे.

घराण्यात चालत आलेल्या तलवारींचे हाल खंडेनवमीला होतात. पाण्याने धुतात, लिंबू फिरवतात, ओले हळदकुंकू पात्यावर लावतात आणि तशीच कातडी म्यानात घालतात. कातडे ओल धरून ठेवते; पुढच्या दसऱ्यापर्यंत पात्याला खड्डे पडलेले असतात. पूजा मूठ गुंडाळलेल्या फडक्यावर करावी, पाते त्याच संध्याकाळी कोरड्या सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि म्यान वेगळे ठेवावे. खोबरेल किंवा गोडेतेल चिकट होऊन धूळ धरते. आपल्याकडच्या अनेक तलवारींचे पाते मुठीत लाखेने बसवलेले असते. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की लाख सैल होते आणि मूठ हलू लागते. अशी मूठ वेल्डिंगने पक्की करून घेणे म्हणजे तलवार मारून टाकणे. पात्यावर जौहराची, म्हणजे पोलादातच उमटलेल्या नक्षीची, लहर असेल तर पॉलिश पेपर एका दुपारी ती कायमची पुसतो.

बाजारात "शिवकालीन" म्हणून मिळणारी बरीच हत्यारे कालची असतात. मुठीखाली लाखेऐवजी वेल्डिंगची रेघ, सगळीकडे एकसारखा नारिंगी गंज आणि यंत्राने काढलेली सरळ धार दिसली की तिथून उठावे.

जिवाचा धोका असलेली बाब अशी. गोळा भरीव आहे की पोकळ, हे दोरी आणि काट्याने कळते. सहा पौंडी भरीव गोळ्याचा घेर साधारण २८ सेंटिमीटर आणि वजन २.७ किलो; बारा पौंडीचा घेर ३५ सेंटिमीटर आणि वजन साडेपाच किलोच्या आत-बाहेर. घेराच्या मानाने गोळा फार हलका भरला किंवा त्याला बुजलेले छिद्र दिसले, तर तो दारू भरलेला फुटणारा गोळा असू शकतो. त्याला छिद्र पाडू नये, तापवू नये, आपटू नये. मोजमापही फक्त जुन्या लढायांतल्या वाटोळ्या गोळ्याचेच करावे. पंख असलेली, लांबट, किंवा हातबॉम्बसारखी कोणतीही वस्तू दिसली, तर तिला हातही लावू नये. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत सोलापूरहून नळदुर्गमार्गे फौजा हैदराबाद संस्थानात आल्या होत्या, त्यामुळे त्या काळचा न फुटलेला दारूगोळाही शिवारात असू शकतो. तशी वस्तू जिथे आहे तिथेच ठेवून, लोकांना लांब नेऊन ११२ वर कळवावे.

कायद्याचेही थोडे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर वस्तूचे स्वरूप, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. न कळवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, कुरिअरनेही नाही. आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तोड्याची जुनी बंदूक दुरुस्त होऊन उडू शकत असेल तर तिला शस्त्र कायदा लागू होतो. ती भिंतीवर टांगण्याआधी जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्यावे.

महायुद्धातली पदके आणि कागद अनेक घरांच्या पेट्यांत पडून आहेत. निजामाचे हैदराबाद लान्सर्स पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर होते. त्या युद्धाच्या ३६ मिलिमीटर व्यासाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक घासून चकचकीत केले की ती अक्षरेही झिजतात. तेच पदक ब्राँझमध्ये दिसले तर त्याला नकली म्हणून टाकू नये. मजूर तुकड्यांना आणि लष्कराबरोबरच्या नोकरवर्गाला ते ब्राँझमध्येच दिले गेले. सेवापुस्तिका आणि पेन्शनचे कागद लॅमिनेट करू नयेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये.

आमची मागणी लहान आहे. असई, राक्षसभुवन आणि उदगीर परिसरातल्या ग्रामपंचायतींत एक नोंदवही ठेवावी, आणि तलाठ्यांना एक साधा छापील नमुना द्यावा: गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख, वस्तू, वजन, फोटो. त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि पुरातत्त्व विभागाच्या छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महाल संग्रहालयाकडे जावी. तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय एका गावकऱ्याने जमवलेल्या संग्रहातूनच उभे राहिले आहे. गावातल्या माणसाच्या हातून हे होऊ शकते. शेतकऱ्यांनीही यंदाच्या नांगरटीला औताबरोबर चार रिकाम्या पिशव्या आणि एक पेन्सिल नेली, तर पेरणीच्या आत पहिली पाने भरू लागतील.

आपले,
जालना-बीड परिसरातील काही संग्राहक व इतिहास अभ्यासक