शेजार बायकांनी मोडला म्हणे!

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लोकप्रिय समाजशास्त्रीय पुस्तकांवरचे वाचकांचे अभिप्राय काल दुपारी वाचले, रात्री पुन्हा वाचले आणि तरीही राग उतरला नाही, म्हणून हे पत्र. वाचकांना पुस्तकांविषयी बोलते केल्याबद्दल आपले आभार मानायला हवेत, ते मनापासून मानते. परंतु ठाण्याच्याच एका वाचकाने अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट पुटनम यांच्या ‘बोलिंग अलोन’ (म्हणजे एकट्यानेच बोलिंग खेळणे) या पुस्तकाचा हवाला देऊन असे ठासून लिहिले आहे की, स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडल्या आणि चाळी-वाड्यांतले शेजारपण तिथेच संपले. हे वाक्य आपण चौकट आखून ठळक अक्षरांत छापलेत, तेव्हा ते आपल्यालाही पटले असावे, असे समजायला हरकत नाही.

पुस्तक २००० सालचे आहे, त्याच नावाचा मूळ लेख १९९५ चा. पुटनम हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक, पण तो मुद्दा सोडून देते, कारण समाजशास्त्राच्या मांडवात आपण अनेकांना बसवले आहे. अमेरिकेतल्या संस्था, क्लब, भेटीगाठी का ओसरल्या याच्या कारणांची लेखकाने पुस्तकात एक ढोबळ वाटणी दिली आहे. तीत जवळजवळ निम्मा वाटा एक पिढी जाऊन दुसरी येण्याला आहे, सुमारे पाव वाटा दूरचित्रवाणीला, सुमारे १० टक्के उपनगरांच्या पसाऱ्याला व रोजच्या प्रवासाला आणि आणखी सुमारे १० टक्के वेळ-पैशाच्या ओढाताणीला. नवरा-बायको दोघेही कमावणारी कुटुंबे या शेवटच्या वाट्यात येतात, आणि तीही एकटी नाहीत. शिवाय ही ओहोटी नोकरी करणाऱ्या व न करणाऱ्या, स्त्रिया व पुरुष अशा सर्वांत जवळपास सारखीच दिसते, असेही लेखकाने नोंदवून ठेवले आहे. एवढे असताना ज्यांनी दूरचित्रवाणीचे पाव आणि पिढीचे अर्धे बाजूला सारून नेमक्या बायकाच उचलल्या, त्यांच्या नजरेला दाद द्यावी तेवढी थोडी आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक हिशेब आहे, जो ठाणेकराने तरी चुकवायला नको होता. रोजच्या प्रवासात १० मिनिटांची भर पडली की सार्वजनिक कामातला माणसाचा सहभाग साधारण १० टक्क्यांनी घटतो, असे पुटनम सांगतात. ठाण्याहून मुंबईला जाऊन येणाऱ्या माणसाला हे गणित लावले तर त्याच्या सामाजिकतेची बाकी शून्याच्या आसपास यावी. पण त्यांनी मांडलेला प्रवास आहे मोटारीत एकट्याने बसून केलेला. ठाणे लोकलचा महिलांचा डबा त्यांनी पाहिलेला नाही, आणि तो त्यांचा दोष नव्हे. आपल्या वाचकाने तो पाहिला नसेल, तर मात्र आश्चर्य आहे.

माझी सगळी नोकरी त्या डब्यातून झाली. तिथे बोलिंग नव्हते, भिशी होती. संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचे, दसऱ्याला डब्यात फुलांच्या माळा लागायच्या, कोणाचे डोहाळजेवण असले तर घरून केलेले पदार्थ उभ्या-उभ्याने वाटले जायचे, आणि सुनेच्या आजारपणापासून मुलाच्या अकरावीच्या प्रवेशापर्यंत प्रत्येक गोष्टीवर सल्ला मिळायचा, न मागताही. शेजारच्या पुरुषांच्या डब्यातून टाळांचा आवाज यायचा, तोही विसरलेले नाही. या सगळ्याला अमेरिकन अभ्यासक ‘सामाजिक भांडवल’ म्हणतील की आणखी काही, कोण जाणे. आम्ही त्याला ‘ग्रुप’ म्हणत होतो.

२६ जुलै २००५ च्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. आमची गाडी शीवच्या पुढे थांबली ती थांबलीच. अंधार पडू लागल्यावर आम्ही बायका हात धरून रुळांवरून मागे चालत आलो आणि ग्रुपमधल्या एकीच्या शीवच्या दोन खोल्यांच्या घरात शिरलो. तिच्या सासूबाईंनी आमच्या ओल्या साड्या पाहून एकही प्रश्न विचारला नाही, कपाटातले गाऊन काढून दिले आणि पिठले टाकले. फोन लागत नव्हते. माझा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता आणि घरी त्याच्यासोबत कोणी नव्हते. रात्रभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा कळले की, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई सकाळच्या सत्रातली शाळा शिकवून वेळेत परतल्या होत्या आणि त्यांनी मुलाला आपल्याकडे नेऊन जेवू घालून झोपवलेसुद्धा होते. शीवची ती मैत्रीण नोकरदार, या शिक्षिकाही नोकरदार. आपल्या वाचकाच्या सिद्धांतानुसार शेजारपण संपवणाऱ्या बायका त्या याच.

हे मी आमच्या संकुलातल्या वाचनकट्ट्यावर एकदा बोलून दाखवले होते. घोडबंदर रस्त्यालगतच्या या संकुलात गेल्या दिवाळीनंतर याच पुस्तकावर चर्चा ठेवली होती आणि विषय मांडणारे गृहस्थ पडद्यावर आलेख दाखवत नेमक्या याच निष्कर्षाला आले होते. मी वेळ-पैशाच्या ओढाताणीच्या १० टक्क्यांची गोष्ट काढली, तेव्हा मला अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले, ‘‘ताई, अनुभव वेगळा आणि डेटा वेगळा.’’ मी डेटाच सांगत होते! नंतर चहाच्या वेळी समजले की, त्यांनी पुस्तकाचा सारांश मोबाइलवर ऐकला होता, कारण मूळ ग्रंथ जाडजूड आहे. जाडजूड तो आहेच. मीही तो बरेच दिवस पुरवून वाचला, पण वाचला.

आणि ज्या चहाच्या वेळी हे समजले तो चहा व त्यासोबतचे पोहे महिला मंडळाने केले होते, कारण चर्चा ठरवताना ‘तेवढे तुम्ही बघा’ असे आम्हाला सांगितले गेले होते. चर्चेचा पहिला अर्धा भाग त्यामुळे आमच्यापैकी निम्म्याजणींनी ऐकलाच नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८, असे आढळले आहे. कोणाच्या सार्वजनिक आयुष्याला वेळ का उरत नाही, याचा शोध ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी सुरुवात या आकड्यांपासून करावी. त्यासाठी जाड पुस्तकही लागत नाही.

संस्थांच्या सभासदसंख्येवरच समाज मोजायचा तर ठाणे जगात पहिले यावे, कारण इथे सदनिका घेतली की माणूस सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद होतोच. त्याच सभासदांची वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते, मग कोरमविनाच सुरू होते आणि वाहनतळावर भांडून संपते. केवळ वर्गणी पाठवण्यापुरते ज्यांचे सभासदत्व आहे अशा संस्था पुटनम यांनी वेगळ्या काढल्या आहेत, ते पान बहुधा सारांशात आले नसावे. पोडियमवर गाडी लावून लिफ्टने थेट दारापर्यंत पोहोचणाऱ्या माणसाला शेजारी भेटणार कुठे, आणि बाहेर पडला तर चालायला पदपथ कुठे आहे, हे प्रश्न या चर्चांत कोणी विचारत नाही.

राहिली चाळ. माझे बालपण नौपाड्यातल्या चाळीत गेले. तिथले शेजारपण खरे होते, आणि ते पहाटेच्या पाण्यासाठी उठणाऱ्या, सामाईक संडासाची पाळी लावणाऱ्या, दुसऱ्यांची पोरे सांभाळणाऱ्या बायकांच्या अंगमेहनतीवर उभे होते. गॅलरीत पत्ते कुटणाऱ्यांना ते आपोआप घडत असल्यासारखे वाटे. आपल्या वाचकांनी जमल्यास त्रिं. ना. आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ उघडावा. बलुतेदार-अलुतेदारांपासून फिरस्त्यांपर्यंत गावातले कोण कोणाच्या जिवावर जगते, हे त्यात कोणताही गोडवा न लावता मांडले आहे. मराठीत एवढे असताना पुरवणीतल्या यादीत एकही मराठी पुस्तक नसावे, हेही मला खटकले. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तेव्हा अभिप्रायांसाठी मराठी पुस्तके वाचणारे वाचक मिळालेच नाहीत असे म्हणता येणार नाही.

जाता जाता एक. पूर्वी आपल्या पुस्तकांच्या पानावर प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत दिलेली असे. आता पान अर्धे झाले आहे आणि किंमत छापलीच जात नाही. उरलेल्या अर्ध्या पानावर या वेळी एका गृहप्रकल्पाची जाहिरात होती, ‘हरवलेले शेजारपण परत मिळवा’ अशी, तीत सदनिकेची किंमत मात्र ठळक होती.

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. संक्षिप्त करायचे झाल्यास पोह्यांचा मजकूर गाळावा, टक्केवारीचा गाळू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त वाचक, ठाणे (पश्चिम)