रन थांबवू न देणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

प्रबंध सादर झाला. आभाराचं पान त्यात आहेच, पण तिथे दोन ओळींत उरकावं लागलं.

तू तुझ्या वाट्याचे क्लस्टरचे, म्हणजे आमच्या सामायिक महासंगणकाचे, तास मला दिलेस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते तू घातलेलं भांडण. गोलात कोंडलेला विद्युतवाहक द्रव, त्यातली खळबळ आणि तिने घडवलेलं चुंबकीय क्षेत्र, एवढाच आमचा खेळ, तोही संगणकातला. मोठा भोवरा एकदा फिरायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या काही पट रन, म्हणजे संगणकावरचं हे गणित, चालवला की सरासरी काढायची, अशी सगळ्यांची रीत. द्विध्रुवाचा, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुव असलेल्या मुख्य क्षेत्राचा, आलेख एका बाजूला सरकत होता आणि मीटिंगमध्ये ‘डीट्रेंड करून टाका’, म्हणजे ते सरकणं वजा करा, असं ठरतही आलं होतं. तू म्हणालीस, "सरकतंय तेच तर बघायचंय. चालू दे."

भोवऱ्याच्या शेकडो फेऱ्यांनंतर, कुठल्या वारंवारतेचा चढउतार किती जोरदार हे दाखवणाऱ्या लॉग-लॉग आलेखावर तू पट्टी ठेवलीस. डावीकडे, कमी वारंवारतेच्या टोकाला, रेघ सपाट व्हायला हवी होती. ती चढतच होती, उतार उणे एकच्या जवळ; म्हणजे बदल जितका संथ, तितका जोरदार. बाहेरून आम्ही असा कुठलाही संथ ठोका दिला नव्हता. चुंबकीय हेलिसिटी, म्हणजे क्षेत्ररेषांचा पीळ, लहान भोवऱ्यांकडून मोठ्या आकारांकडे जाऊन साचते आणि सगळ्यात मोठ्या आकाराला जुनं लवकर विसरता येत नाही, हे तू मला कँटीनच्या बिलामागे बाण काढून समजावलंस. (बिल तूच भरलंस, तेही यात धर.)

फ्रान्समधल्या कादाराशचा सोडियमचा प्रयोगही तूच दाखवलास. द्रव सोडियम ढवळणाऱ्या दोन लोखंडी चकत्या सेकंदाला वीसच्या आसपास फेरे मारतात आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दोघींचा वेग वेगळा ठेवला की क्षेत्राची दिशा आपसूक उलटते, पण दोन उलथापालथींमधलं अंतर कधी कित्येक सेकंदांचं, तर कधी मिनिटांचं. पृथ्वीच्या गाभ्यातल्या प्रवाहाला एका फेऱ्याला काही शतकं लागतात आणि तिच्या चुंबकीय क्षेत्राची शेवटची मोठी उलथापालथ झाली सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी. ‘आपल्या सह्याद्रीतही असं एक पान आहे,’ म्हणत तू महाबळेश्वरचा छेद काढून दाखवलास: खालच्या बेसॉल्टमध्ये चुंबकत्व उलटं, माथ्याकडच्या थरांत आजच्यासारखं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लहानपणापासून त्या घाटाने जातेय, पण माझं लक्ष कायम स्ट्रॉबेरीवर!

आमचा संगणकी द्रव गाभ्यापेक्षा फारच सोज्वळ आहे, त्यामुळे पृथ्वीचं कोडं सुटलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तसा दावा करणारा परिच्छेद तू तीनदा खोडायला लावलास, त्याबद्दलही आभार. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि उत्तर तयार होतं.

या खुल्या पत्रात नाव घालायचं नाही ही तुझी अट पाळलीय. प्रबंधात मात्र ते ठळक अक्षरांत छापलंय आणि आता त्याची बांधणीही झालीय.

तुझी,
शेजारच्या टेबलावरची