उद्या सकाळची गाडी

ती. आई-बाबा,

फोनवर बोलले असते तर बाबांनी "बघू" म्हणून विषय संपवला असता, म्हणून लिहितेय. उद्या सकाळी सहाला गाडी येईल, सर्जनची वेळ घेऊन झालीय. चिडू नका, आधी पूर्ण वाचा.

आईने पाठवलेला बाबांच्या पायाचा फोटो डॉक्टरांना दाखवला. अंगठ्याखाली पू आहे, कडेने लाल झालंय, वासही येतोय म्हणे. बाबा, "दुखत नाही ना, मग कशाला" हे तुमचं म्हणणं, पण न दुखणं हीच तर खरी भानगड आहे, इतक्या वर्षांच्या शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्यात, खडा टोचला तरी कळत नाही. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि सडलेलं मांस, आणि शुगर वाढलेली असली की त्या पेशींना नीट लढताच येत नाही. वरून खपली धरली तरी आत पू साचून हाडापर्यंत जाऊ शकतो. मग नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, वाट करून तो काढावा लागतो, मेलेला भाग साफ करावा लागतो. पू कल्चरला, म्हणजे त्यात कुठले जंतू आहेत ते तपासायला पाठवतील, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, त्यावरून कुठलं अँटिबायोटिक चालेल ते पक्कं कळेल. हाडासाठी एक्सरे, रक्तपुरवठ्यासाठी डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीसारखीच तपासणी. एवढंच.

नानांचं जे झालं ते मनात आणू नका. त्यांना दवाखान्यात किती उशिरा नेलं ते तुम्हीच सांगता ना.

इथे खालची खोली तुमची, जिने नाहीत, कमोड आहे, सकाळचा पेपर सुरू केलाय. मोतीला शेजारच्या काकू भाकरी घालतील, मी बोललेय त्यांच्याशी.

माझ्या गुडघ्यावर गळू झालं होतं तेव्हा मला खांद्यावर टाकून दवाखान्यात कोणी नेलं? आणि डॉक्टरांनी चिरा दिला तेव्हा डोळे मी नाही, तुम्हीच गच्च मिटले होते, आई अजून हसते त्यावरून. उद्या मी असेन शेजारी, खुशाल मिटा.

आता आई, तू ऐक. जखमेवर हळद, शेंदूर काहीही लावायचं नाही, दाबून पू काढायचा नाही, गरम पाण्यात पाय तर मुळीच नाही, बधिर पायाला चटका कळत नाही. स्वच्छ गॉज ठेवून सैल बांध. देवळात काय, अंगणातसुद्धा अनवाणी सोडू नकोस त्यांना. रात्रीत ताप, थंडी आली किंवा लाली वर चढायला लागली तर गाडीची वाट बघायची नाही, मला उठवायचं आणि तिथल्या दवाखान्यात लगेच जायचं.

फाईल, शुगरची वही, सगळ्या गोळ्या पिशवीत टाक. आणि पहाटे उठून डबा करत बसू नकोस गं, लोणचं तेवढं आण.

तुमची,
चिमी